दार फिरवलेली चौकी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातलं अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझे सख्खे काका अजून हयात आहेत, त्यांना विचारा.

काका गवंडी. हमरस्त्याला लागून एक जुनी दगडी चौकी होती, तिथे ते अवजारं ठेवायचे. शाळा सुटली की त्यांची पोरगी रस्ता ओलांडून यायची आणि खड्याने दार वाजवायची. एका जागी ठरेल तर शपथ! आम्ही तिला भिंगरीच म्हणायचो.

एका संध्याकाळी तो रस्ता ओलांडतानाच ट्रकने तिला उडवलं.

दहा-बारा दिवसांनी, दिवेलागणीला, चौकीचं दार वाजलं...

टक् टक् टक्.

काकांनी उघडलं. बाहेर कोणीच नाही.

पण ते घाबरले नाहीत हो! "आलीस का गं?" म्हणाले आणि दार उघडं ठेवून बसले. मग रोजच तसं. तेवढ्या आवाजावर तो माणूस जगत होता.

पुढे रस्ता रुंद करायचं निघालं. चौकी जुनी वास्तू म्हणून पाडायची नाही, दगड न् दगड सोडवून टेकडीखाली लोकांना बघायला पुन्हा बांधायची, असं ठरलं. काकांनी ते काम हट्टाने मागून घेतलं. दगडादगडावर रंगाने नंबर टाकले. एक दगड इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

कामावरच्या साहेबांनी मात्र दाराचं तोंड नव्या पार्किंगकडे फिरवलं.

"साहेब, पाया पडतो, दार शाळेकडेच राहू द्या."

"मामा, तिकडे लोकांनी काय झुडपं बघायची?"

चौकी उभी राहिली. पहिल्या संध्याकाळी काका आत दाराशी बसले. काहीच नाही...

अंधारून आलं.

आणि आवाज आला. मागून. शाळेकडच्या भिंतीतून... जिथे दारच नाही.

टक् टक् टक्.

काका वळसा घालून धावले. कोणी नाही. "अगं भिंगरे, दार पलीकडे आहे! पलीकडून ये!"

आत येतात तर पुन्हा तीच भिंत वाजली. या वेळी हलकेच शब्दही आले...

"बाबा, उघडा ना."

काकांनी छिन्नी उचलली. तिथल्या वॉचमनने हात धरला. जुनी वास्तू, एक टवकाही काढता येणार नाही म्हणे.

आता काका रोज त्या भिंतीला हात लावून बसतात. परवा मीही गेलो होतो. आवाज मी स्वतः ऐकला, अगदी जमिनीलगत.

"आधी इथून यायचा," काकांनी कमरेएवढ्या उंचीवर हात ठेवला. त्यांचे डोळे वाहत होते.

"दमली रे... खाली बसली बघ पोर."