ट्यूनरचा उजवा कान

दुपारी तीनला सभागृहात कुणी नसेल म्हणून मी माझा ओबो घेऊन सरावाला गेले, तर रंगमंचावरच्या पियानोत एक माणूस कमरेपर्यंत शिरलेला.

"जरा वेळ फुंकू नका," तो आतूनच म्हणाला. "मला शांतता लागते."

"मला सराव लागतो. सिंफनीत माझा एकटीचा तुकडा आहे."

"सिंफनी मध्यंतरानंतर. आधी पियानो कन्चेर्टो... म्हणजे नंबर माझा."

तो बाहेर आला. केसांत धूळ, डोळ्यांत मिश्किली. मी निघून जायला हवं होतं. पहिल्या रांगेत बसले.

एकेक खुंटी पिळून तार सुरात लावताना तो उजवा कान खाली नेत होता. वरच्या पट्ट्यांपाशी थबकला. एकच पट्टी चारदा दाबली.

"ही लागलीय? मन राखायला खोटं बोलू नका," तो म्हणाला. "डावा कान गेलाय. उजव्याला डॉक्टरांनी वर्षअखेरपर्यंतची मुदत दिलीय."

"उतरलीय," मी म्हटलं.

मग मी पियानोला खेटून उभी राहिले — वर, खाली, आणखी किंचित... हातानेच खुणा करत. अठरा पट्ट्या झाल्या. एकदा त्याची बोटं माझ्या मनगटाला लागली, आणि आम्ही दोघंही उगाच तारांकडे बघत राहिलो.

संध्याकाळी कन्चेर्टोत पियानो स्वच्छ वाजला. मध्यंतरात पियानो बाजूला ढकलत नेताना ट्यूनरने झाकणावरून हात फिरवला. सिंफनी त्याने विंगेत उभं राहून ऐकली. माझ्या तुकड्यात श्वास थरथरला, पण निभावलं.

"कसं झालं?" मी नंतर विचारलं.

"खालचे सूर आले. वरचे... तुमची बोटं दिसली, तेवढंच." तो थांबला. "हे माझं शेवटचं काम. आता रोज भेटाल? काहीही बोला — भाजीचे भाव, शेजाऱ्यांची भांडणं. तुमचा आवाज पाठ करायचाय."

"आणि पाठ झाल्यावर?"

"तुम्ही मोकळ्या."

मी रोज गेले. बूट चावतो इथपासून आईशी उडालेल्या खटक्यापर्यंत सगळं सांगितलं. डिसेंबरात तो प्रत्येक वाक्य दोनदा विचारू लागला. मग विचारायचंही सोडून नुसता हसू लागला. ते हसणं मला बघवत नसे.

जानेवारीत एका सकाळी मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "लग्न करू या." त्याला ऐकूच गेलं नाही. मी समोर बसून पुन्हा म्हणाले.

त्याने माझ्या ओठांकडे बराच वेळ पाहिलं. "पुन्हा सांग."

सांगितलं.

"पुन्हा."

चौथ्यांदा सांगताना त्याचे डोळे भरलेले दिसले, आणि लक्षात आलं — लबाडाला मी समोर बसून म्हणाले तेव्हाच ओठांवरून कळलं होतं.