बिनवासाचा हात

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे.

मी बोलताना थोडा मीठमसाला लावतो, हे अख्ख्या मंडी मोहल्ल्याला ठाऊक आहे. पण या गोष्टीला लावलेला नाही. हिंमतच झाली नाही.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मैसूरची लख्ख दुपार होती. आयुधपूजेची... म्हणजे आपली खंडेनवमी.

आमच्या गल्लीतल्या उदबत्तीच्या कारखान्यात जवरम्मा फाटकावर बसायची. संध्याकाळी घरी निघालेल्या प्रत्येक बाईचा हात नाकाशी धरायची. उदबत्तीच्या मसाल्यातल्या कोळशाचा वास आला तर जा. अर्काचा आला तर बाजूला हो.

कारण अर्क एकाच खोलीत असायचा. अत्तरखोलीत. तिला खिडकी नाही. बाटल्यांवर नावं नाहीत. त्यातले चार थेंब जरी बाहेर पोचले, तरी दुसरा कुणी तोच माल काढणार आणि कारखान्यातल्या साऱ्या बायका घरी बसणार.

थोरल्या धन्यांनी, अप्पांनी, नियमच घातला होता. अत्तरखोलीत एकट्याने जायचं नाही. मालकानेसुद्धा.

अप्पा गेले, आणि त्यांच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या उदबत्तीतल्या अर्कांचं माप त्यांच्याबरोबरच गेलं. मुलीला, नागरत्नाला, सांगायचं राहून गेलं. कारखाना तेव्हापासून लंगडत होता.

त्या दिवशी तराजू, सुऱ्या, किल्ल्या, सगळं पूजेत मांडलं होतं. नागरत्नाने अत्तरखोलीचं कुलूपही काढलं, कुंकू लावून देवापुढे ठेवलं.

"अम्मा, कुलूप पूजेत," जवरम्मा म्हणाली. "मग दाराला काय लावू? चुरमुरे?"

"अक्का, दरवर्षीची रीत आहे. उद्यापर्यंत आयुधाला हात लावायचा नाही."

"चोरांना कळवलंय का तसं?"

"अप्पा आज दारात स्वतः बसायचे. आता तुम्ही बसा."

कोहळा फुटला. प्रसाद वाटला. सगळे घरी गेले.

जवरम्मा अत्तरखोलीच्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसली.

यंत्रं बंद. रस्ता गप्प. छपरावरची कबुतरंसुद्धा गप्प...

टक्.

काचेचं बूच निघाल्याचा आवाज.

आतून.

जवरम्मा हलली नाही. खोली रिकामी होती. सकाळी तिने आणि नागरत्नाने मिळून बघितली होती.

टक्... टक्...

"जवरम्मा."

आवाज अप्पांचा होता. तसाच घोगरा.

"आत ये. माप सांगतो. पोरीला सांग. कारखाना वाचेल."

दुसरी कुणी पळाली असती. पण तोंड गप्प बसेल तर ती जवरम्मा कसली!

"एकट्याने आत यायचं नाही, धनी. नियम तुमचाच."

"एकटी कशी? मी आहे ना. आपण दोघं."

"मेलेला माणूस मी मोजत नाही."

टक्.

"बरं. मग मीच बाहेर येतो."

"या की. हात दाखवा आधी."

ती उठून वळली. दार बोटभर उघडलं... मग वीतभर. फटीतून एक हात बाहेर आला. अप्पांचाच. करंगळीवर तीच तांब्याची अंगठी.

जवरम्माने मनगट धरलं. नाकाशी नेलं.

काहीच नाही.

अत्तराचा नाही, घामाचा नाही, राखेचासुद्धा नाही. कसलाच वास नाही.

आणि अप्पांना शेवटचं फाटकाबाहेर नेलं, तेव्हा तिने तिरडी थांबवून त्यांचाही हात हुंगला होता. लोक संतापले होते. पण त्या मेलेल्या बोटांनाही वाळ्याचा वास होता.

"धनी नाहीस तू!" ती ओरडली. "कोण रे तू, भाड्या?"

तिने हात आत ढकलला. दार ओढून घेतलं. कमरेला खोचलेलं फडकं सोडून कडीला गाठ मारली आणि पूजेकडे धावली. कुंकवासकट, फुलांसकट कुलूप उचललं आणि दाराला ठोकलं.

आतून धक्का बसला. एकच. मग काही नाही.

दिवेलागणीला आलेली नागरत्ना दारातच थबकली.

"अक्का! पूजेतलं कुलूप उचललंत?"

"उचललं. देवाला सांगा, पाप माझ्या नावावर लिही."

दोघींनी मिळून दार उघडलं. आत कुणी नव्हतं. सगळ्या बाटल्या जिथल्या तिथे, भरलेल्या. फक्त एकेक बूच काढून खाली ओळीने मांडलेलं.

एवढ्या उघड्या बाटल्या... आणि खोलीत वास म्हणून नाही.

सकाळी वास परत आला. वाळा, केवडा, चंदन, सगळा. पण ते माप काही सापडलं नाही. नागरत्ना आता नवीन उदबत्ती काढते. बरी खपते. जवरम्माला घरी बसवून फाटकावर यंत्र लावायचं तिने दोनदा काढलं.

"यंत्राला नाक आहे का?" जवरम्मा म्हणाली. "ते आत आलं कसं, तुम्हाला माहीत नाही. बाहेर गेलेलं मी पाहिलेलं नाही. मी उठणार नाही."

मागच्या शनिवारी सुटीच्या रांगेत तिने डोळे मिटून एकामागून एक हात हुंगले... आणि मध्येच एक मनगट घट्ट धरून ठेवलं.

"मागे फिर," ती म्हणाली.

"कुणाला म्हणताय, अक्का?" पुढच्या बाईने विचारलं. तिचा हात तर केव्हाच हुंगून झाला होता. मागचीने अजून पुढे केला नव्हता.

तेव्हापासून त्या रांगेत शेवटी उभं राहायला कुणी तयार नसतं. ढकलाढकली होते, भांडणं होतात.

आणि शेवटची बाई निघून गेली, तरी जवरम्मा तळहात पुढे करून, डोळे मिटून बसून राहते.

"ये," म्हणते. "ये बघू."

समोर कुणी नसतं. म्हणजे... मला तरी दिसत नाही.