दुपारचा हुंकारा

पहिलं वाक्य लिहून खोडण्यात माझा सगळा उन्हाळा चालला होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरींवर मला पुस्तक लिहायचं होतं. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर त्या विहिरींत मी स्वतः उतरलो होतो, खडकांचे थर मोजले होते. माहिती होती, नकाशे होते, फक्त सुरुवात होत नव्हती. जळगावच्या प्रयोगशाळेतून बिनपगारी रजा घेऊन मी धुळ्याला, देवपुरात, वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली होती. जूनपर्यंत पहिलं प्रकरण झालं नाही, तर पुस्तकाचा नाद सोडायचा, असं स्वतःशीच ठरवलं होतं.

खाली घरमालकीण कोकिळाअक्का राहायच्या.

"लिखू नको, सांग," एकदा जिन्यात त्या म्हणाल्या. "आमना गावमा गोष्ट सांगाले समोर हुंकारा देनारा लागस. 'हं' म्हननारा नही, ते गोष्ट पुढे सरकस नही."

"मग तुम्हीच द्या ना हुंकारा."

"माले भडगावले लगीनले जानं शे. आठ दिन थांब. पन एकला सांगू नको, दीपक."

"का?"

"रिकामा घरमा हुंकारा कोनी बी देस," त्या हसल्या. "मंग त्याले उठाडशी कसा?"

मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता ओस पडल्यावर समोर रिकामी खुर्ची ठेवली, बोललेलं टाइप करणारा फोन मधे ठेवला आणि तिथे कुणी बसलंय असं समजून पहिल्या विहिरीबद्दल सांगू लागलो. वाक्य आलं. त्यामागून दुसरं आलं. इतकं सोपं होतं, याचा मला रागच आला.

नंतर वाचताना दिसलं, काही वाक्यांच्या शेवटी फोनने 'हं' टाइप केलं होतं.

पंख्याचा आवाज असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी पंखा बंद केला. खिडकी लावली. खिडकीवरचं कबुतर हाकललं. घामाने शर्ट पाठीला चिकटला. 'हं' तरीही आलंच, आणि आता ते मला ऐकूही येत होतं. खुर्चीतून म्हणता येणार नाही, खुर्चीच्या बाजूने.

घाबरायला हवं होतं. पण एका थराची जाडी मी चुकीची सांगितली, तेव्हा हुंकारा आला नाही. मी आकडा आठवून दुरुस्त केला.

"हं."

असा श्रोता मला कधी मिळाला नव्हता. मी रोज दुपारची वाट पाहू लागलो. प्रकरण वाढत गेलं. अक्का सकाळी परतल्या त्या दिवशी तर मी कितीतरी पानं सांगितली. वाचायला घेतली, तर शेवटी एका बुजवलेल्या विहिरीचं वर्णन होतं. आतल्या पायऱ्या, ओल, तळाच्या खडकाचा रंग.

ती विहीर मी पाहिलेली नव्हती.

कुणा गावकऱ्याने सांगितलं असेल आणि मी विसरलो असेन, असं मनाशी म्हणालो. प्रकरण पूर्ण झालं होतं. मी आनंदात खाली गेलो.

अक्का ओट्यावर भाकरी थापत होत्या. "तुना पाव्हना बी जेवाले थांबी का?"

"कोण पाहुणा?"

"दुपारले वर उना व्हता तो. मोठा गोड सांगस."

"अक्का, तो मीच होतो. पुस्तक सांगत होतो."

त्यांनी हातावरची भाकरी तव्यावर टाकली.

"तुना आवाज मी वळखत नही का? सारी दुपार तोच सांगी राहिंता. तू ते नुसता 'हं, हं' करी राहिंता."

मी हसायला गेलो.

बाहेर अजून झळा होत्या. मी आवंढा गिळून पाहिला. दुपारभर बोलूनही माझा घसा कोरडा पडला नव्हता.