शेवटच्या ठोक्याची जागा

ऐक ना. आधी तो फोन पालथा घाल, नि मध्ये एक अक्षर बोलू नकोस. नेत्राचं ऐक.

नेत्रा बेंद्रे, पुण्याची, सॅक्सोफोन वाजवते, वय सव्वीस. ही बया मे महिन्याच्या उन्हात एसटीनं घाटातल्या नव्या वाकणधारला उतरली, नि उतरल्या उतरल्या स्टँडवरचा भोंगा बोलला, "डोंगर शांत आहे." कुणी मानसुद्धा वर केली नाही. दर तासाला बोलतो तो. तिथं नळावर बायका भेटल्या की "जेवलीस का" असं नाही विचारत. "काय म्हणतोय डोंगर?" असं विचारतात, नि समोरची म्हणते, "गप हाय मेला."

कारण तीन वर्षांपूर्वी तो गप नव्हता. जुलैतल्या एका मंगळवारी पहाटे डोंगराची अख्खी धार सुटली नि जुन्या वाकणधारवर येऊन बसली. एक्केचाळीस माणसं गेली. मग घाटातल्या चाळीस गावांना कानतार आली. म्हणजे केसाएवढी काचेची तार, जमिनीत पुरलेली. तिच्यात उजेड सोडतात. जमीन जराशी हलली की तार ताणते, नि उजेड किंचित बदलून परत येतो. कितव्या मीटरला काय हललं ते त्यावरून कळतं, नि भोंगा तेच सांगतो. म्हणजे तारेचा प्रत्येक मीटर एक कान, कळलं?

आता गंमत बघ. गंमत नाही, पण बघ. ही तार जुन्या गावात आधीच होती! झऱ्यापासून गावात येणारा पाण्याचा लोखंडी पाइप होता ना, त्याच्याच चरात चाचणी म्हणून टाकलेली. इशारा द्यायला ती शिकलेली नव्हती, नुसती ऐकत होती. दरड आली तेव्हा खालच्या अंगाला तुटली, पण तुटली तिथपर्यंत ऐकतच राहिली. तीन दिवस.

त्या तीन दिवसांच्या नोंदी नेत्रानं अर्ज करकरून मिळवल्या. जमिनीची थरथर इतकी संथ असते की आपल्या कानाला लागत नाही. ती वेग वाढवून ऐकली की घुमते, कण्हते, चक्क सूर लागतात. त्यावरून नेत्रानं नऊ जणांसाठी चाळीस मिनिटांचं जॅझ रचलं. चिखल सरकतो ते ट्यूबाला, म्हणजे खर्जातल्या जाड पितळी वाद्याला, पाणी क्लॅरिनेटला, असं. जॅझमध्ये निम्मं लिहिलेलं असतं नि निम्मं समोरच्याचं ऐकून तिथल्या तिथं सुचेल तसं वाजवायचं. गावात स्मारकाचा दगड बसणार होता. पावसात मंडप टिकत नाही म्हणून मेमध्येच. नि त्या मंडपात हे वाजणार होतं. नऊपैकी पाच पुण्या-मुंबईचे, चार तिथल्याच न्यू सुरताल ब्रास बँडचे, लग्नात वाजवणारे.

त्या चौघांतला एक प्रमोद शेडगे. ताशावाला. चाळिशीचा, बोलता बोलता बोटं मांडीवर वाजवत बसणारा. दरडीत त्याचा धाकटा भाऊ गेला, दिगंबर, सगळ्यांचा दिग्या. बँडमध्ये ढोल वाजवायचा. प्रमोदच्या आईनं नेत्राला पहिल्याच दिवशी पोळीभाजी वाढता वाढता सांगितलं होतं, "माझा दिग्या झोपेतच गेला गो. डॉक्टर बोलले, त्याला कळलंसुदिक नसंल." हे लक्षात ठेव हं. झोपेत गेला. त्या माउलीनं तीन वर्षं या एका वाक्यावर काढली होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये तालीम चालली होती. तिसरा भाग आला. या भागाला नेत्राला काहीतरी ताल हवा होता, कारण दरडीनंतरची जमीन नुसती घूं घूं करत होती, कंटाळवाणी. म्हणून रचतानाच तिनं नोंदींतलं एक खोकं उघडलं होतं. कानतारेची प्रणाली काय करते, चालणं, कपडे आपटणं, शेळ्यांची पळापळ, असले बारीक आवाज "माणसांची वर्दळ" म्हणून बाजूला टाकते. नाहीतर भोंगा दिवसभर बोंबलत बसेल. ते टाकलेलं खोकं तोवर कुणी उघडलंच नव्हतं. त्यात नेत्राला पाइपवर वाजलेले ठोके सापडले. अर्धा तास, एकच तुकडा, नि प्रत्येक तुकड्यानंतर जरा थांबून, जरा मऊ असा एक ठोका. प्रतिध्वनी, दुसरं काय? तिनं तुकडा ताशाला दिला नि प्रतिध्वनी ट्रम्पेटवर आग्नेलला. आग्नेल डाबरे, वसईचा, तिचा जुना मित्र.

प्रमोदला स्वरलिपी वाचता येत नाही, म्हणून तिनं तोंडानं म्हणून दाखवलं, "तिरकिट धा, तिरकिट धा, तिरकिट..."

प्रमोदच्या काड्या हवेतच थांबल्या. "ताई, हे कुठनं आणलंत?"

"तारेतलं आहे. बुधवारी दुपारचं. का हो दादा?"

"अवो हे माझं हाय!" नि हसायलाच लागला. "बुधवारी दुपारी मी बसलो व्हतो ना पाइपावर, उघडा पडलेला त्येच्यावर. कमरेला ताशाच्या काड्या तशाच. डोकं चालत नव्हतं, हात चालत व्हते. सगळा पाइप थरथरत व्हता, पोकलेन चालू ना बाजूला."

"पण शेवटचा धा का नाही वाजवला?" आग्नेलनं विचारलं. "तीनदा म्हणायचं तर तिसरा अर्धाच."

"तो माझा नाय, दिग्याचा." प्रमोदनं काडीनं डोकं खाजवलं. "वरातीत आमची मस्ती चालायची. मी तीनदा घ्यायचा नि शेवटचा ठोका सोडायचा. तो कुठं का असंना, मागं बायकांत नाचत असंना, बरोब्बर ढोलावर धा हाणायचा. एकदा तर लघवीला गेलेला, तिथनं पळत येऊन मारला! आता ती जागा रिकामीच सोडतो मी. सवय." तेवढ्यात बाहेरून त्याच्या बायकोनं हाक मारली, मंडपवाला आला म्हणून. "आलोच," म्हणाला नि गेला.

बाकीचे चहाला उठले. आग्नेल तसाच बसलेला. ट्रम्पेट मांडीवर.

"नेत्रा."

"हं?"

"माझी ही एक नोट कशाची आहे म्हणालीस?"

"प्रतिध्वनी रे. त्याच्या शेवटच्या..."

नि तिनं बोट स्वरलिपीवर टेकवलं. अरे, प्रमोदनं शेवटचा वाजवलाच नव्हता! जो वाजवलाच नाही त्याचा प्रतिध्वनी कसला?

अंगावर काटा आला ना? थांब, अजून आहे.

नेत्रानं लॅपटॉप उघडला, नि घाईत पासवर्ड दोनदा चुकला. ठोका कुठून आला ते तार सांगते, म्हटलं ना तुला. प्रमोदचे ठोके दोनशे बाराव्या मीटरला. आणि तो एक मऊ ठोका दोनशे साठाव्या मीटरला. दोनशे साठावर काय होतं? पिठाची गिरणी. दिग्या रात्री गिरणीत झोपायचा. दहाव्या दिवशी सापडला तो गिरणीच्याच भिंतीखाली.

सतरा वेळा प्रमोदनं वाजवलं. सतराही वेळा खालून धा आला.

"पोकलेन बघ," आग्नेल पुटपुटला. पोकलेनचा घरघराट आलेखात जाड पट्टा होऊन दिसतो. दोन वाजून दहा मिनिटांनी तो पट्टा संपत होता. डिझेल संपलेलं. प्रमोदचा पहिला ठोका दोन पंचवीसचा. म्हणजे त्याच्या बुडाखाली पाइप थरथरत होता तो पोकलेननं नव्हताच!

पुढचं नेत्रानं कधी ऐकलंच नव्हतं. तिला तालापुरता अर्धा तास पुरला होता. आता तिनं पुढं सरकवलं. तीनच्या सुमाराला प्रमोद उठून गेला, जेवायला हाक मारली असेल कुणी. दोनशे बारा गप्प. मग पाच मिनिटांनी दोनशे साठावरून आवाज आला. हळू, अडखळत.

तिरकिट धा. तिरकिट धा. तिरकिट...

नि थांबला. शेवटची जागा मोकळी सोडून थांबला. आता वरच्यानं वाजवायचं होतं ना!

कुणी वाजवलं नाही. संध्याकाळी जिवंत माणसांचा शोध थांबवला. हे खालून चालूच होतं. तासानं, दोन तासांनी, कधी चार तासांनी. दर वेळी तिसऱ्या धाची जागा सोडून. अकरा वेळा. शेवटचं गुरुवारी पहाटे पाच चाळीसला. त्यातलं तिसरं तिरकिट पुरतं झालंच नाही.

आग्नेलनं छातीवर क्रॉसची खूण केली नि उठून बाहेर गेला.

परत आला तेव्हा पहिलं वाक्य म्हणाला, "त्याला सांगायचं नाही."

"आग्नेल..."

"नाही नेत्रा. तो माणूस त्या पाइपावर बसला होता. बसला होता! सांगितलंस तर तो रोज बसेल तिथं, मरेपर्यंत. आणि म्हातारी? झोपेत गेला म्हणून जगतेय ती."

"आणि ते खोकं?" नेत्रानं विचारलं. "अजूनही चाळीस गावांत तार ठोके फेकूनच देते. तीन आठवड्यांत पाऊस आहे. उद्या दुसऱ्या गावात दुसरं कुणी पाइप वाजवत असेल, तर तेही वर्दळ म्हणून खोक्यात जाणार?"

"मग कळव ना त्यांना. नाव न घेता."

"कसं? कुठला दिवस, कुठला मीटर, कोण होतं, सगळं दाखवल्याशिवाय कोण विश्वास ठेवेल? दुसऱ्या दिवशी प्रमोदच्या दारात चौकशीला माणसं येतील."

नेत्रानं फोनवरच पत्र लिहिलं, कानतारेच्या कचेरीला. ठोके, वेळा, दोनशे साठ, सगळं. पाठवलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मंडप भरला. आग्नेलनं कानात विचारलं, "ती नोट वाजवू की गाळू?" नेत्रा "गाळ" म्हणणार, तेवढ्यात मागून प्रमोद आला, इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध. "ताई, एक सांगायचं राहिलं. त्या ट्रम्पेटवाल्या भावाचा तो एक सूर हाय ना, माझ्यानंतरचा? तो ठेवा हां. काल रातभर डोक्यात व्हता. दिग्याच हाणतोय असं वाटतं बघा."

ती "हो दादा" म्हणाली.

नि वाजायला लागलं. ट्यूबा सरकला तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी खुर्च्या धरल्या. खरंच धरल्या, हातांनी. तिसरा भाग आला. प्रमोदनं घेतलं, तिरकिट धा, तिरकिट धा, तिरकिट... आग्नेलनं तो एक सूर सोडला. प्रमोदच्या तोंडावर असं हसू आलं! सतरा वेळा. नेत्राला वाटलं, सुटलो आपण, झालं.

झालं नव्हतं. आग्नेलनं ट्रम्पेट खाली घेतलाच नाही. डोळे मिटून त्यानंच तुकडा सुरू केला, हळू, अडखळत. लिहिलेलं नव्हतं हं हे! तिरकिट धा, तिरकिट धा, तिरकिट... नि थांबला. जागा सोडून थांबला.

प्रमोदनं चमकून बघितलं. त्याला कोण अशी जागा देतं? आयुष्यात तोच द्यायचा दुसऱ्याला. मग काडी आपोआप वर गेली.

धा!

आग्नेलनं पुन्हा घेतलं. धा! पुन्हा. धा! नेत्रा मोजत होती. सॅक्सोफोन गळ्यात तसाच लटकलेला, डोळ्यांतून पाणी, नि ती मोजत होती. अकरावा तुकडा आग्नेलनं तिसऱ्या तिरकिटच्या मध्येच तोडला, नि प्रमोदनं तरीही बरोब्बर जागेवर हाणला. धा. मग कुणीच काही वाजवलं नाही.

टाळ्या पडल्या. प्रमोद घामाघूम, सरळ नेत्राकडेच आला. मागून त्याची आई स्टीलच्या पेल्यात कोकम सरबत घेऊन, "घे गो पोरी," म्हणत. नेत्राच्या एका हातात फोन, त्यात ते पत्र तसंच उघडं, पाठवायचं फक्त बाकी. स्टँडवरचा भोंगा बोलला, "डोंगर शांत आहे."

"ताई," प्रमोदनं काड्या कमरेला खोचल्या. हसत होता, पण डोळे हसत नव्हते. "शेवटचं ते आग्नेलभावानं मनानं केलं, का तेपण तारेतलंच हाय?"

म्हातारी पेला पुढं धरून उभी. नेत्रा एकदा तिच्याकडे बघते, एकदा त्याच्याकडे, एकदा फोनकडे.

आता बोल. तिच्या जागी तू काय केलं असतंस?