द्वारकाबाईंचा नारळ

एस.टी.चं चाक पंक्चर झालं नसतं, तर पाचोडचा तो मळा भानुमतीनं जन्मात पाहिला नसता. मैत्रिणीच्या लग्नाला ती बीडला निघाली होती. गाडी गावाबाहेर थांबली, कंडक्टरनं निवांत विडी शिलगावली आणि भानुमती पाणी शोधत विहिरीपाशी गेली. तिथं मान वर करून ती जी थबकली, ती तहानच विसरली.

आंब्याच्या सावलीत माडाच्या जातीचं एक झाड उभं होतं. लांबून नारळासारखं… पण नारळ नव्हे! औरंगाबादच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, आणि असलं सडपातळ खोड तिनं फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं.

"काय बघायलात, बाई? नारळ लागंना त्याला."

तिनं वळून पाहिलं. खांद्यावर फावडं, पोटऱ्यांपर्यंत चिखल आणि चेहऱ्यावर खट्याळ हसू. हा बद्रीनाथ, मळ्याचा मालक.

"कधीच नाही लागला?"

"माझ्या उमरीचं झाड हाय. अठ्ठेचाळीसला, निजामावरच्या पोलिस ॲक्शनच्या साली मिलिटरी आली, तवा एक दक्षिणेकडचा शिपाई आईच्या हातची भाकर खाऊन गेला. जाताना बापूला हे रोप दिलं. त्यानं गावाकडून डब्यात जपून आणलं व्हतं म्हणं. त्याची भाषा कुणाला कळंना. पानं बघून बापू म्हणला, नारळच हाय! तवाच मी जन्मलो. आईनं नवस बोलला, याचा पयला नारळ सुनेच्या ओटीत घालीन. नारळ नाय, तर सून नाय."

"मग?"

"मग काय… बसलोय झाडाखाली."

भानुमती खळखळून हसली. तिकडं गाडीचा हॉर्न वाजला. तिनं घाईघाईनं गळालेल्या पानाचा तुकडा पर्समध्ये ठेवला.

"पान कशाला?"

"ओळख पटवायला."

"झाडाची… का माझी?"

"आधी झाडाची," ती म्हणाली, आणि बीड येईपर्यंत आपण असं का म्हणालो याचाच विचार करत बसली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती पुन्हा पाचोडला हजर! औरंगाबादेत औरंगपुऱ्याची मंडई घराशेजारी असताना वांगी घ्यायला कुणी इतक्या लांब येतं का? पण प्रेमात पडलेल्या माणसाला वांगीसुद्धा पाचोडचीच गोड लागतात. मग येणं सुरूच राहिलं. श्रावणाच्या सरी येत, ती दोघं त्या झाडाखाली उभी राहत, आणि पानांवरून ओघळणारं पाणी बरोबर तिच्या मानेवर पडे. बद्रीनाथ पोतं पुढं करी. बोटांना बोटं लागत… आणि दोघंही घाईनं आभाळाकडे पाहत.

झाडाची ओळख मात्र केव्हाच पटली होती. दूर दक्षिणेच्या पावसाळी रानातलं हे झाड, तिथल्या खेड्यांतही आता विरळाच. त्याची फळं बोराएवढी, पिकली की काळपट तांबडी. बद्रीनाथची आई, द्वारकाबाई, वर्षानुवर्षं "कवळा नारळ गळतोय" म्हणून हळहळत ती झाडून उकिरड्यात टाकत होत्या. म्हणजे नवस कधीच फळला होता!

हे सांगायचं कसं? सांगितलं तर नवस फिटेल आणि लग्नाची आडकाठी उरणार नाही. बद्रीनाथच्या मामानं तर मुलगी तयारच ठेवली होती. न सांगावं तर ही माउली आयुष्यभर नारळाची वाट बघणार.

शेवटी एका दुपारी तिनं बद्रीनाथला खरं ते सांगून टाकलं. बोलताना डोळे भरून आले.

तो शांतपणे म्हणाला, "मला ठाव हाय."

"काय?"

"रत्नागिरीला गेलतो एकदा. तिथं नारळाचं झाड बघितलं की."

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"मामाची पोरगी टळत व्हती ना!" तो हसला. मग मातीकडं बघत हळूच म्हणाला, "आता गप बसवंना. पर माझं आई ऐकायची नाय. तुम्ही शिकवणाऱ्या… तुम्ही सांगा. अन् सांगून… इथंच ऱ्हावा."

भानुमतीच्या मनात लख्ख उजाडलं.

द्वारकाबाई खराटा घेऊन झाडाखाली आल्या, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. बाई मटकन खाली बसल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी भांडी विसळलेलं पाणीसुद्धा या झाडाला घातलं होतं. नवरा मरताना "फळ लागंल गं" म्हणून गेला होता. त्यांनी खोडावरून हात फिरवला. भानुमतीला वाटलं, आपण उगाच तोंड उघडलं.

"नारळ नाय म्हणतीस?"

"नाही, मावशी."

"पर फळ तर हाय?"

"हो… फळ आहे."

बाई उठल्या. पदरानं डोळे पुसले आणि खाली सांडलेली तांबडी फळं एकेक निवडून ओंजळीत घेतली.

"बद्रीच्या बापानं फळाचा शब्द दिलता, तो खरा झाला. आता माझा नवस राहिला," त्या म्हणाल्या. "बाजाराला म्हणून येतीस पोरी, पर तुझी पिशवी भरलेली मी एकदा बी बघितली नाय. मला काय कळत नाय व्हय? तुझ्या वडलाकडं औरंगपुऱ्याला मी येते, बोलायचं ते मी बोलीन."

भानुमतीनं बद्रीनाथकडं पाहिलं. तो कान लाल करून फावड्याचा दांडा न्याहाळत होता.

"त्याच्याकडं काय बघतीस?" द्वारकाबाई म्हणाल्या. "पदर धर."