नांगर नसलेली बोट

ही घडलेली गोष्ट आहे. पटली नाही तरी चालेल. मी कुणाची समजूत घालायला लिहीत नाहीये.

रात्र नव्हती. जूनअखेरची लख्ख दुपार होती.

आमची मोंटानातली यलोस्टोन नदी तेव्हा दुथडी भरून वाहत होती. डोंगरावरचं बर्फ वितळलेलं. पाणी दूध घातलेल्या कॉफीसारखं, आणि त्यातून आख्खी झाडं वाहत येत होती.

अशा पाण्यात ट्राउट मासा मधल्या धारेत टिकत नाही. काठाच्या झुडपांखाली, गुडघाभर पाण्यात येऊन दडतो. त्याच दिवसांत नारिंगी पोटाचे मोठे किडे काठावर उतरतात, आणि ट्राउट त्यांच्यावर तुटून पडतो. चार दिवसांचा खेळ. घरी कोण बसणार?

माझा नवरा एमेट पुढे उभा राहून गळाला लावलेला पिसांचा नकली किडा काठाशी टाकणार होता. मधे वल्ह्यांवर मी. माझ्या पाठीमागची जागा रिकामी.

आमची वायोला सात महिन्यांची होती. सासूबाईंजवळ ठेवलेली. बाटली तोंडात धरत नव्हती. तिच्या पिण्याच्या वेळेला मला घरी असायलाच हवं होतं.

म्हणून मी निघण्याआधी बोटीचा नांगर काढला. पुराच्या पाण्यात नांगर पडला की बोट जागच्या जागी अडते, मागून पाणी चढतं, आणि संपलं. इथं हे सगळ्यांना ठाऊक आहे. नांगराचा दोर माझ्या बसायच्या जागेपासून बोटीच्या मागच्या कप्पीपर्यंत जातो; त्याचं मोकळं टोक मी त्या कप्पीलाच घट्ट गाठ मारून बांधलं.

माझा दीर क्लिंट गाडी घेऊन नदीच्या खालच्या अंगाला, आमच्या उतरायच्या जागी थांबणार होता. नांगर त्याच्या गाडीत टाकला तर म्हणाला, "वहिनी, वायोलाची दुपटी पण घेऊन जा. बोटीला थंडी वाजेल."

मी म्हटलं, "तू घेऊन जा. तुझ्या बायकोनं मागितली होती, तुला गुंडाळायला."

निघालो.

मासे लागत होते. एमेट खुशीत होता. मी मात्र पाण्याकडेच बघत होते. पुढचं झाड, पुढचा खडक, पुढचं वळण.

त्या वळणावर आदल्या वर्षी ऑर्विल बुडून गेला होता. म्हातारा ऑर्विल... त्यानंच मला वल्ही धरायला शिकवलं होतं. काठाशी एक मोठा मासा दिसला, अजून एकदा गळ टाकायचा मोह झाला, आणि भर पुरात त्यानं नांगर पाण्यात टाकला. बोट मिळाली. तो नाही.

वळण आलं...

आणि बोट मागून जड झाली.

वल्ही मारणाऱ्याला हे हातांना कळतं. बोटीचं नाक उचललं गेलं होतं. मागच्या जागेवर कुणीतरी बसलं की उचललं जातं... तेवढंच.

मी मागे पाहिलं नाही.

मग पाण्याचा आवाज बंद झाला. एवढ्या पुराचा आवाज.

आणि भर धारेत बोट थांबली.

"नांगर कुणी टाकला?" एमेट ओरडला.

"नांगर क्लिंटच्या गाडीत आहे."

"मग आपण थांबलोय कशानं?"

आता मी वळले. मागची जागा रिकामी होती. पण कप्पीवरून दोर ताठ... थेट पाण्यात गेलेला. कुणीतरी खालून धरल्यासारखा. बोटीच्या मागच्या कडेवरून पाणी आत यायला लागलं. माझे पाय भिजले.

तेवढ्यात अगदी कानाशी...

"जरा थांब ना, पोरी. एकच मासा."

आवाज ऑर्विलचाच. तसाच लाडीगोडीचा.

भीती वाटली? वाटली ना. पण त्याहून राग आला. माझं लेकरू उपाशी राहणार आणि मी याच्या एका माशासाठी थांबू?

"नाही थांबत," मी म्हटलं. "तुम्ही थांबलात तेवढं पुरे झालं."

लाइफ जॅकेटला लावलेली सुरी काढली आणि माझ्या बसायच्या जागेमागे दोर कापला.

बोट सुटली. आवाज परत आला, एकदम, कान फुटतील असा. मी काठ गाठेपर्यंत वल्ही सोडली नाहीत.

खाली उतरल्यावर एमेट म्हणाला, दोर बुडालेल्या झाडात अडकला असेल. मी त्याला कप्पी दाखवली. मी मारलेली गाठ जशीच्या तशी होती. दोराचं टोक तिथंच बांधलेलं. कोरडं.

त्यानं गाठीला बोट लावून पाहिलं. क्लिंटनंसुद्धा थट्टा केली नाही.

वायोला रडून रडून लाल झाली होती. मी आधी तिला पाजलं. सासूबाई म्हणाल्या, पोर मोठी होईपर्यंत आता नदीचं नाव काढायचं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी नदीवर गेले. नदी माझीही आहे.

त्या वळणावर अजूनही कधी कधी हातांना वजन जाणवतं. मी मागे बघत नाही. "बसायचं तर बसा," म्हणते, "थांबणार नाही." आणि वल्ही मारते.

वायोला आता बोटीत बसण्याएवढी मोठी झालीय; यंदा तिला बोटीतून न्यायचं एमेटच्या मनात आहे. मी हो म्हटलंय.

ती पुढे बसेल, माझ्या नजरेसमोर. मागची जागा मात्र... तिला मी देणार नाही.