हेडफोनमधली बाई

दवाखान्याच्या तळघराचं दार ढकललं आणि मी उंबऱ्यातच थबकले. डिसेंबरचं धुकं झरोक्यातून आत उतरलं होतं. टेबलाशी एक तरुण बसलेला... कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

"अहो..."

भीत भीत मी त्याच्या खांद्याला हात लावला, तसा तो ताडकन उठला.

"जीव जाईल की माझा, बाई!"

"मला वाटलं, गेलाच!"

तो हसला. गालावर खळी पडली, आणि मी उगाच टाइपरायटरकडे पाहू लागले.

तो नृसिंह. एकोणऐंशी साल होतं. विलायतेहून परतलेल्या आमच्या डॉक्टरांनी एक यंत्र आणलं होतं. पेशंट तपासताना ते इंग्रजीत बोलत, टेपवर आवाज उतरे, आणि तो ऐकून आम्ही रिपोर्ट टाइप करायचो. नृसिंह शिकवणारा, मी मुरगूडहून आलेली शिकाऊ. काम जमलं तर नोकरी, नाहीतर वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, पाहून ठेवलेलं स्थळ.

"ऐकू येईल तेवढंच लिहायचं," तो म्हणाला. "शंका आली की मला हाक मारायची."

"आणि नाही आली तर?"

"तरी मारा की!"

महिनाभरात त्याच्या पायांचा आवाज मला जिन्यावरूनच ओळखू यायला लागला.

मग एका सकाळी चिमणाबाईंची टेप आली. मूत्रपिंड काढायचं होतं, ऑपरेशन त्याच दिवशी. डॉक्टर म्हणाले, "लेफ्ट किडनी..." आणि त्यांच्या आवाजामागून, अगदी माझ्या कानाशी, एक म्हातारी कुजबुजली —

"डावी न्हवं गं पोरी... उजवी हाय."

टेप मागे घेतली. पुन्हा तेच. तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. मानेवर काटा उभा राहिला.

"नृसिंह!"

त्याने हेडफोन लावला. बराच वेळ ऐकलं. "फक्त डॉक्टर बोलतायत."

"शप्पथ... बाई बोलतीय. खाटेवरून बोलली असेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला. "चला वर."

वॉर्डात चिमणाबाईंची सून, बनाबाई, त्यांचं तोंड पुसत होती. मी म्हटलं, "सासूबाई टेपमध्ये काहीतरी म्हणाल्या —"

"कोण, आत्याबाई?" बनाबाईचा हात थांबला. "लकवा मारल्यापासनं वाचा बसलीया त्यांची. दोन वरसं झाली, एक शब्द न्हाय."

म्हातारी माझ्याकडेच टक लावून बघत होती. तिने थरथरता हात उचलला... आणि सावकाश आपल्या उजव्या कुशीवर ठेवला.

बाहेर येताच मी म्हटलं, "डॉक्टरांना काय सांगणार? मला वेडी ठरवतील."

"तुमचं नाव कशाला? शंका मला आली, म्हणेन."

"आणि चुकलं तर? नोकरी जाईल तुमची!"

"जाईल," तो म्हणाला आणि ऑपरेशन थिएटरकडे निघाला.

दाराआडून डॉक्टरांचा चढा आवाज आला. "टायपिस्टनं मला शिकवायचं?" मग नृसिंहचा शांत आवाज, "साहेब, एक्स-रे एकदाच बघा." डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. एक्स-रेची फिल्म उलटी लावून पाहिली गेली होती. बाजू उजवी होती. त्यांनी नृसिंहच्या पाठीवर हात ठेवला आणि ते आत गेले.

चिमणाबाई वाचल्या. घरी जाताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. ओठ मिटलेलेच होते.

ऑपरेशन झालं त्याच दुपारी तळघरात हेडफोन उचलायला माझा हात धजेना.

"तुम्हाला तर काहीच ऐकू आलं नव्हतं," मी म्हटलं.

"अजूनही येत नाही. चारदा ऐकली ती टेप."

"मग... नोकरी का पणाला लावलीत?"

तो टाइपरायटरवरची धूळ पुसत राहिला. "तुझा चेहरा बघितला. तेवढं पुरलं मला."

तुझा! दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"श्यामला... तात्यांना भेटायला येऊ?"

"काय सांगाल त्यांना?"

"तुमच्या लेकीशी भुतं बोलतात, आणि मला ती आवडते."

मी हसले... आणि मग एकदम रडूच फुटलं. त्याने माझा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मी तो तसाच राहू दिला.

रविवारी आम्ही मुरगूडच्या एस.टी.त शेजारी शेजारी बसलो. तात्या आधी खूप ओरडले. मग पाहून ठेवलेल्या स्थळाचं काय, म्हणून विचारलं. नृसिंह मान खाली घालून उभाच.

शेवटी तात्यांनी आत बघून हाक दिली, "अगं, आणखी एक पाट मांड." आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, "बसा, पावणं."